सात मिनिटे कमी: 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'चा क्रायटेरियन संच आणि पीटर वीयर

क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने २०१४ साली 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा ब्लू-रे आणि डीव्हीडी असा जोडसंच बाजारात आणला, तेव्हा त्यात चित्रपटासोबत बरेच काही भरले. दिग्दर्शक पीटर वीयर यांची २००३ सालची मुलाखत, निर्माते आणि कलावंत यांच्या आठवणींवर आधारलेला नवा कार्यक्रम, चित्रीकरण चालू असतानाच १९७५ मध्ये तयार झालेला माहितीपट, चित्रपट-अभ्यासक डेव्हिड थॉमसन यांचे प्रास्ताविक, मूळ ट्रेलर, वीयर यांचा १९७१ सालचा 'होम्सडेल' हा कृष्णधवल चित्रपट, एक पुस्तिका आणि ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला आहे ती जोन लिंडसे यांची कादंबरीही कागदी बांधणीत. एका चित्रपटासाठी एवढा ऐवज म्हणजे चंगळच. मात्र हा संच मी ज्या हेतूने पारखला तो थोडा वेगळा आहे. पीटर वीयर हा दिग्दर्शक कसा घडला आणि पुढच्या साडेतीन दशकांत त्याने जे केले त्याची मुळे कुठे होती, हे या एका खोक्यातून कितपत उमगते, हा माझा प्रश्न होता. उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. एक उणीव मात्र अशी आहे की ती संचाच्या गाभ्यालाच भिडते, आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

कथा थोडक्यात सांगता येते, आणि सांगितली तरी काही बिघडत नाही. १४ फेब्रुवारी १९०० या दिवशी व्हिक्टोरिया प्रांतातल्या ॲपलयार्ड कॉलेज नावाच्या मुलींच्या निवासी शाळेतली सहल हँगिंग रॉक या ज्वालामुखीजन्य सुळक्याच्या पायथ्याशी जाते. दुपारी चार मुली वर चढतात. त्यांतली एक किंचाळत परत येते, उरलेल्या तिघी नाहीशा होतात आणि त्यांच्यापाठोपाठ गणिताच्या शिक्षिकाही. आठवड्याभराने एक मुलगी जिवंत सापडते, पण तिला काहीच आठवत नाही. बाकीच्यांचे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. तपास, अफवा, पालकांची पत्रे, शाळेची हळूहळू होत जाणारी पडझड हे सारे दिसते; उत्तर तेवढे येत नाही.

आधी चित्राच्या गुणवत्तेविषयी, कारण या चित्रपटाच्या बाबतीत तो केवळ तांत्रिक मुद्दा नाही. छायालेखक रसेल बॉइड यांनी भिंगावर नवरीच्या ओढणीसारखे तलम जाळीचे कापड ताणून सहलीची दृश्ये टिपली होती. त्यामुळे प्रकाश पसरट, मधाळ आणि किंचित धूसर होतो, पांढऱ्या पोशाखांच्या कडा विरघळतात आणि उन्हाळी दुपारची सुस्ती पडद्यावर उतरते. अशी धूसरता घरगुती माध्यमावर आणणे अवघड असते. प्रत जुनी किंवा दाबून बसवलेली असेल तर धूसर म्हणजे नुसते अस्पष्ट दिसते, आणि उलट कुणी अति उत्साहाने कडा धारदार करायला गेले तर बॉइड यांनी मेहनतीने मिळवलेला परिणामच पुसला जातो. वीयर यांच्या देखरेखीखाली झालेल्या या प्रतीत तोल नेमका सांभाळला आहे. ओळीने उभ्या राहून एकमेकींच्या काचोळ्यांच्या नाड्या आवळणाऱ्या मुली, हृदयाच्या आकाराच्या केकमध्ये खसकन शिरणारी मोठी सुरी, आणि थोड्याच वेळाने त्याच केकच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर चढलेल्या मुंग्या या तीन गोष्टी एकामागोमाग पाहिल्या की लक्षात येते की धूसरता सर्वत्र सारखी नाही. माणसे मऊ दिसतात, किडामुंगी, पाली आणि खडक मात्र स्वच्छ दिसतात. कुणाचे राज्य कुठे आहे हे त्या फरकातूनच कळते, आणि हा फरक साध्या प्रतीवर हमखास हरवतो.

ध्वनीची गोष्ट थोडी निराळी. मूळ चित्रपट मोनो ध्वनीचा, इथे आहे तो पाच-पूर्णांक-एक वाहिन्यांचा पुनर्मिश्रित ध्वनिपट. एरवी अशा पुनर्मिश्रणाबद्दल मी साशंक असतो, पण हँगिंग रॉकच्या पोटातून यावा तसा जो खर्जातला घुमार चित्रपटात अधूनमधून उठतो, तो इथे पायाखालून येतो. गेओर्गे झामफिर यांची पॅनबासरी आणि बेथोव्हनच्या पियानो कन्सर्टोतला संथ भाग यांच्यामध्ये हा घुमार कधी सुरू झाला आणि कधी थांबला हे सांगता येत नाही, फक्त थांबल्यावर हायसे वाटते. साध्या टीव्हीच्या स्पीकरवर हा चित्रपट पाहणे म्हणजे त्याचा निम्मा भाग न पाहणे.

आता दिग्दर्शकाकडे वळू. पीटर वीयर यांचा जन्म २१ ऑगस्ट १९४४ रोजी सिडनीत झाला. वडील स्थावर मालमत्तेचे दलाल. मुलाने सिडनी विद्यापीठात कला आणि कायदा या शाखांत नाव घातले, ते अर्धवट सोडले आणि काही काळ वडिलांच्या व्यवसायात काढला. १९६५ मध्ये, त्या काळच्या पुष्कळ ऑस्ट्रेलियन तरुणांप्रमाणे, ते बोटीने युरोपला निघाले. त्या लांबलचक प्रवासात बोटीवरच्या क्लोज्ड सर्किट दूरचित्रवाणीच्या साहित्याशी त्यांनी खेळून पाहिले आणि सहप्रवाशांसाठी गमतीचे कार्यक्रम केले. याच बोटीवर त्यांची वेंडी स्टाइट्स यांच्याशी भेट झाली. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले. कॅमेरा आणि जन्माची सोबतीण अशा दोन्ही गोष्टी एकाच सफरीत पदरात पडाव्यात, हा योग तसा दुर्मीळच. वेंडी यांचा उल्लेख इथे केवळ चरित्राचा तपशील म्हणून केलेला नाही. 'डेड पोएट्स सोसायटी' आणि 'ग्रीन कार्ड' यांची निर्मितीरचना त्यांची आहे, तर 'मास्टर अँड कमांडर'ची वेशभूषा त्यांनी केली. वीयर यांच्या चित्रपटांना जो एकसंध पोत दिसतो त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे, आणि या संचात त्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलेले नाही, हे मला खटकले.

परतल्यावर वीयर सिडनीच्या एटीएन-७ या दूरचित्रवाणी वाहिनीत लागले. तिथे हाताखालची पडेल ती कामे करता करता त्यांनी हौशी लघुपट काढले, आणि १९६९ मध्ये ते कॉमनवेल्थ फिल्म युनिट या सरकारी चित्रसंस्थेत दाखल झाले. काळही अनुकूल होता. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियात देशी कथाचित्रपट जवळपास बनतच नव्हते. चित्रगृहे होती, प्रेक्षक होते, पण पडद्यावर अमेरिका आणि ब्रिटन. १९७० मध्ये पंतप्रधान जॉन गॉर्टन यांच्या सरकारने चित्रपटविकास महामंडळ स्थापन करून पैसा उपलब्ध केला, मागोमाग प्रांतिक महामंडळे आली, आणि त्यांतल्या साउथ ऑस्ट्रेलियन फिल्म कॉर्पोरेशनच्या मदतीने 'पिकनिक' उभा राहिला. या पार्श्वभूमीची संचात नोंद आहे, पण ती इकडेतिकडे विखुरलेली आहे. ज्याला हा इतिहास मुळीच ठाऊक नाही त्याला सरकारी धोरण आणि एक कलाप्रवाह यांचा इतका थेट संबंध होता हे कदाचित उमगणार नाही.

ही कसर बऱ्याच अंशी 'होम्सडेल' भरून काढतो. माझ्या मते या खोक्यातला चित्रपटाखालोखाल मोलाचा ऐवज तोच. पाऊण तासाच्या आसपासच्या या काळ्या विनोदी चित्रपटात काही पाहुणे एका एकाकी अतिथिगृहात सुट्टीसाठी येतात आणि तिथल्या चालकांच्या देखरेखीखाली त्यांना आपापली भीती आणि आपापल्या सुप्त इच्छा खेळाच्या रूपाने जगायला लावले जाते. खेळ कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो हे धूसर होत जाते. चित्रपट कच्चा आहे. अभिनय महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाच्या वळणाचा आहे, काही विनोद ताणलेले आहेत आणि शेवटाकडे तो थोडा भरकटतो. तरीही तो पाहताना पुन्हापुन्हा चमकायला होते, कारण पुढचे सगळे वीयर इथे बीजरूपाने हजर आहेत. बाहेरच्या जगापासून तुटलेली जागा, तिचे विचित्र पण काटेकोर नियम, ते नियम राबवणारी सौम्य बोलणारी माणसे, आणि त्या नियमांत न बसणारा एक जण. ॲपलयार्ड कॉलेज हे याच घराचे आलिशान रूप. 'विटनेस'मधली आमिश या आधुनिक सोयी टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची वस्ती, 'डेड पोएट्स सोसायटी'तली वेल्टन ही शाळा, 'मास्टर अँड कमांडर'मधले लढाऊ जहाज, आणि 'द ट्रूमन शो'मधले ते अवाढव्य घुमटाखालचे सीहेवन गाव या सर्वांचा पत्ता 'होम्सडेल'च्या फाटकापासून सुरू होतो. 'होम्सडेल'चे चालक पाहुण्यांना हसतमुखाने खेळवतात आणि 'ट्रूमन'चा सूत्रधार क्रिस्टॉफ ममत्वाच्या स्वरात माणसाला आयुष्यभर कोंडून ठेवतो. मध्ये २७ वर्षे गेली, हॉलिवूडचा पैसा आला, नट मोठे झाले, पण काळजी घेणाराच तुरुंगाधिकारी असतो ही जाण जशीच्या तशी राहिली.

'पिकनिक' वीयर यांच्याकडे आला तो पॅट्रिशिया लव्हेल यांच्यामुळे. लव्हेल या ऑस्ट्रेलियात मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातली लाडकी ताई म्हणून घराघरांत माहीत होत्या. १९६७ साली प्रसिद्ध झालेली लिंडसे यांची कादंबरी त्यांच्या हाती पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी शंभर डॉलरला तिचे चित्रपटहक्क काही मुदतीसाठी राखून ठेवले. वीयर यांच्या नावावर तेव्हा पूर्ण लांबीचा चित्रपटही नव्हता; 'द कार्स दॅट एट पॅरिस' १९७४ मध्ये आला. पटकथा क्लिफ ग्रीन यांनी लिहिली, हॅल आणि जिम मॅकेलरॉय हे बंधू निर्माते म्हणून जोडले गेले, चित्रीकरण प्रत्यक्ष हँगिंग रॉकवर आणि शाळेची दृश्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मिंटारो गावाजवळच्या मार्टिंडेल हॉल या हवेलीत झाली. मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड यांच्या भूमिकेसाठी निवडलेल्या व्हिव्हियन मर्चंट आजारी पडल्या आणि ऐनवेळी रेचल रॉबर्ट्स आल्या. १९७५ च्या माहितीपटात रॉबर्ट्स, वीयर आणि स्वतः जोन लिंडसे भेटतात, आणि त्याचे मोल यातच आहे की हे सारे बोलणे चित्रपट गाजण्याच्या आधीचे आहे. आपण अभिजात काही करतो आहोत असा आव कुणाच्या चेहऱ्यावर नाही. कामाची धांदल आणि थोडी धाकधूक दिसते. संचासाठी नव्याने केलेल्या कार्यक्रमात मात्र सर्वांना निकाल माहीत आहे, त्यामुळे आठवणी घासूनपुसून लख्ख झालेल्या आहेत. दोन्ही लागोपाठ पाहावेत. चित्रपट कसा बनला याइतकेच त्याची दंतकथा कशी बनली हेही कळते.

आता त्या मुख्य उणिवेकडे. १९७५ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट ११५ मिनिटांचा होता. १९९८ मध्ये वीयर यांनी तो पुन्हा संकलित केला आणि सुमारे सात मिनिटे काढून टाकली. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हटले की सहसा वगळलेले परत घालून लांबी वाढवलेली असते; वीयर यांनी नेमके उलटे केले. उत्तरार्धात, सापडलेली अर्मा आणि हरवलेल्या मुलींच्या शोधात खडकावर गेलेला इंग्रज तरुण मायकेल यांच्यातले जे नाजूक नाते आकार घेते, त्याला मुख्यतः कात्री लागली. क्रायटेरियनच्या संचात हीच छोटी आवृत्ती आहे. मूळ आवृत्ती नाही, काढलेली दृश्ये वेगळी पाहण्याची सोयही नाही. कादंबरी आख्खी छापून देणाऱ्या, दिग्दर्शकाच्या उमेदवारीतला चित्रपट शोधून देणाऱ्या संचात ही सात मिनिटे नसावीत, हे मला अजब वाटते. ज्या रूपात चित्रपटाने जगभर नाव कमावले ते रूप पाहण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे, आणि दिग्दर्शकाच्या इच्छेचा मान राखूनही ते परिशिष्टात देता आले असते.

माझी तक्रार ही संग्राहकाची तक्रार आहे. रसिक म्हणून विचाराल तर मी वीयर यांच्या बाजूने आहे. मायकेल आणि अर्मा यांच्या भेटीगाठींमुळे उत्तरार्धात प्रेमकथेची शक्यता तयार होते, आणि प्रेमकथा हे एक प्रकारचे उत्तरच असते. ती शक्यता कापल्यावर सापडलेली मुलगी हरवलेल्यांइतकीच अगम्य होते. याचा परिणाम व्यायामशाळेतल्या प्रसंगात सर्वांत जास्त जाणवतो. अर्मा शाळेचा निरोप घ्यायला येते. बाकी मुली फिक्या गणवेशात रांगेत, ती एकटी लालभडक पोशाखात. आधी नुसते रोखून पाहणे, मग एकीचा प्रश्न, आणि क्षणार्धात सगळ्या तिच्याभोवती गर्दी करून किंचाळू लागतात: सांग, काय झाले ते सांग. अर्मापाशी सांगण्यासारखे काही नसते. हा गोंधळ शमल्यावर कळते की इतका वेळ त्याच खोलीत, भिंतीशी, पाठ सरळ राहावी म्हणून अनाथ सारा फळीला पट्ट्यांनी जखडलेली होती. जिला मदत करणे शक्य होते तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते, आणि जिच्याकडून उत्तर मिळणे शक्य नव्हते तिला सगळ्या ओरबाडत होत्या. अर्मा कुणाच्या तरी प्रेमात पडू पाहणारी मुलगी म्हणून आधी भेटली असती तर हा प्रसंग तिच्याविषयीच्या कणवेचा झाला असता. आता तो आपल्याविषयीचा होतो, कारण आपणही मघापासून तोच प्रश्न विचारत बसलेलो असतो.

उत्तर न देण्याची किंमत वीयर यांना ठाऊक होती. एका अमेरिकन वितरकाने चित्रपट संपताच हातातला कॉफीचा कप पडद्यावर भिरकावला, दोन तास बसवून घेतले आणि उकल नाही म्हणून, असा किस्सा त्यांनी सांगितलेला आहे. अमेरिकेत चित्रपट पोहोचला तो थेट १९७९ मध्ये. पण यातून त्यांनी समजूतदारपणे सारे उलगडून सांगायचा धडा घेतला नाही. १९८१ चा 'गॅलिपोली' पाहा. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांच्या संहाराची ती कथा; हा चित्रपट धावत्या तरुणाच्या छातीत गोळी शिरण्याच्या क्षणी गोठतो आणि तिथेच संपतो. ना अंत्यविधी, ना घरी पोहोचलेली तार. १९८५ मध्ये ते हॉलिवूडमध्ये गेले आणि 'विटनेस' केला, तेव्हाही ही सवय सामानासोबत गेली. खून पाहिलेला लहानगा आमिश मुलगा पोलीस ठाण्यात भटकत असतो. एका काचेच्या कपाटात त्याला वर्तमानपत्राचे कात्रण दिसते, त्यातला चेहरा खुन्याचा असतो, आणि तो चेहरा एका सन्मानित पोलीस अधिकाऱ्याचा असतो. मुलगा बोट दाखवतो. फोनवर असलेला हॅरिसन फोर्डचा जॉन बुक ते बोट पाहतो, सावकाश जवळ येतो, आणि मुलाचे बोट आपल्या हातात झाकून खाली करतो. एक शब्द नाही. एरवीच्या पोलीसपटात इथे किमान पानभर संवाद झाला असता.

असा उणे करण्याचा धागा धरला तर बाकी कारकीर्द भराभर ओवता येते. 'द ट्रूमन शो'चा नायक दारातून बाहेर पडतो आणि चित्रपट त्याच्यामागे जात नाही. बाहेरच्या जगात त्याचे काय झाले हे कळत नाही. 'पिकनिक'ला कात्री लागली ते साल आणि 'ट्रूमन'चे साल एकच, १९९८, हा निव्वळ योगायोग असेल, पण मला तो फार बोलका वाटतो. 'मास्टर अँड कमांडर' विजयाने संपायच्या बेतात असताना पाठलाग पुन्हा सुरू करून थांबतो. 'फिअरलेस'मध्ये विमान-अपघाताचे पूर्ण दृश्य शेवटापर्यंत राखून ठेवले आहे. जिथे वीयर यांनी हा संयम सोडला तिथे ते मला कमी भावतात. 'डेड पोएट्स सोसायटी'चा बाकांवर उभे राहण्याचा शेवट लाखोंना रडवून गेला, पण त्यात प्रेक्षकाने काय वाटून घ्यायचे हे आधीच ठरवून दिलेले आहे. 'ग्रीन कार्ड' गोड आहे, त्यापलीकडे फारसा नाही. 'द मॉस्किटो कोस्ट'कडे त्या वेळी प्रेक्षकांनी पाठ फिरवली, आणि मला तो फोर्डच्या सर्वांत धाडसी कामांपैकी एक वाटतो.

दूरचित्रवाणीसाठी केलेला 'द प्लंबर' सोडला तर १९७४ ते २०१० या काळात वीयर यांनी अवघे १३ कथाचित्रपट केले. ऑस्करची सहा नामांकने झाली, त्यांतली चार दिग्दर्शनाची. स्पर्धेतला पुरस्कार मात्र एकदाही नाही. 'मास्टर अँड कमांडर'ला दहा नामांकने होती, त्यांतल्या दोन पुरस्कारांपैकी एक रसेल बॉइड यांना मिळाला, म्हणजे जाळी लावून हँगिंग रॉक टिपणाऱ्या छायालेखकाची जोडी २८ वर्षांनंतरही टिकून होती. २०२२ मध्ये अकादमीने वीयर यांना सन्माननीय ऑस्कर दिले आणि २०२४ मध्ये व्हेनिस महोत्सवाने जीवनगौरव सुवर्णसिंह. 'द वे बॅक' नंतर त्यांनी चित्रपट केलेला नाही.

साहजिकच यातले बरेचसे या संचात मिळत नाही. २००३ च्या मुलाखतीत दिग्दर्शक 'पिकनिक'विषयी बोलतो, तेही नेमके आणि अघळपघळ न होता. पूर्ण कारकिर्दीचा आढावा हवा असणाऱ्यांनी पुस्तिका उघडावी. तीत कादंबरीकार मेगन ॲबट यांचा लेख आहे आणि मारेक हाल्टॉफ यांच्या वीयर-विषयक १९९६ च्या अभ्यासग्रंथातला उतारा. ॲबट मुलींच्या जगातल्या आकर्षण-मत्सराकडे लक्ष वेधतात, हाल्टॉफ वीयर यांना दोन संस्कृतींच्या टकरीचा दिग्दर्शक म्हणून मांडतात. थॉमसन यांचे प्रास्ताविक मला मधल्या दर्जाचे वाटले. शिवाय ते चित्रपटाआधी पाहिले तर गूढाची धार बोथट होते. चित्रपटाला समांतर चालणारे ध्वनिभाष्य नाही, आणि या चित्रपटाला ते नसलेलेच बरे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. हँगिंग रॉक ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीत येतो, त्या जा जा वुरुंग, वोइ वुरुंग आणि ताउंगुरुंग लोकांविषयी संचात स्वतंत्र असे काही नाही. गोऱ्या मुली एका प्राचीन भूमीत नाहीशा होतात या कथेच्या तळाशी तिथून खरोखर कुणाला हुसकावले गेले हा प्रश्न आहे, आणि वीयर यांनी स्वतः दोनच वर्षांनी 'द लास्ट वेव्ह'मध्ये, मूळ रहिवासी समाजातले अभिनेते डेव्हिड गुलपिलिल यांना घेऊन, तो उघडपणे हाती घेतला. तेव्हा या विषयावर एखादा लेख अगदी अवश्य होता.

कादंबरी दिली हे उत्तम केले. ती वाचताना लक्षात येते की हे सारे घडले की नाही हा संभ्रम लेखिकेने जाणूनबुजून जोपासला आहे, आणि कादंबरीतली १४ फेब्रुवारी शनिवारी येते, प्रत्यक्षात त्या तारखेला बुधवार होता. चित्रपटात हा खडक दहा लाख वर्षांचा सांगितला जातो. भूशास्त्रज्ञ साठ लाखांच्या घरात जातात. लिंडसे यांनी रहस्य उलगडणारे शेवटचे प्रकरण लिहिले होते, ते मूळ पुस्तकातून वगळले गेले आणि त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये वेगळे छापले गेले. संचातल्या कादंबरीत ते प्रकरण नाही. ज्यांना ते शोधून वाचायचे असेल त्यांनी खुशाल वाचावे; चित्रपट पाहण्यापूर्वी मात्र वाचू नये.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. ब्लू-रे रीजन ए साठीची, म्हणजे अमेरिका वगैरे ठरावीक प्रदेशांतल्या प्लेअरसाठीची आहे, तेव्हा आपला प्लेअर ती वाचतो का हे आधी तपासावे. आणि पाहण्याचा क्रम खोक्यावरच्या यादीप्रमाणे ठेवू नये: आधी चित्रपट, तोही रात्री आणि एका बैठकीत, मग १९७५ चा माहितीपट, दुसऱ्या दिवशी 'होम्सडेल', त्यानंतर मुलाखत आणि पुस्तिका. ज्यांच्याकडे १९९८ ची जुनी क्रायटेरियन डीव्हीडी आहे त्यांनी केवळ चित्राच्या गुणवत्तेसाठीही हा संच घ्यावा. ज्यांच्याकडे ११५ मिनिटांची एखादी जुनी प्रत पडून असेल, त्यांनी ती मात्र मोडीत काढू नये.